जुन्या कापडातून स्वतःचे कपडे शिवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील राहत्या घरी मी शिवणवर्ग घेते. येणाऱ्या बहुतेक जणींना नव्या कापडाचे ब्लाऊज आणि कुर्ते शिकायचे असतात. तरीही वर्गाचा एक कोपरा जुनी लुगडी, चादरी आणि पुरुषांचे विटलेले शर्ट यांच्या गाठोड्यांनी कायम भरलेला असतो, आणि नव्या कापडापेक्षा या गाठोड्यांबद्दलच अधिक प्रश्न येतात. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

जुन्या कापडातून कपडा शिवणे म्हणजे वाकळ (गोधडी) शिवण्यासारखेच का?

नाते जवळचे आहे, पण काम वेगळे आहे. वाकळीत कापडाचे अनेक थर एकावर एक येतात आणि धावदोऱ्याने ते जागोजागी बांधले जातात, त्यामुळे एखादा थर विरलेला असला तरी शेजारचे थर त्याला सांभाळून घेतात. अंगावरच्या कपड्यात मात्र बहुतेक ठिकाणी एकच थर असतो आणि हात वर केला की मुंढ्यावर, खाली बसले की बैठकीवर सगळा ताण त्या एकट्या थरावर येतो. म्हणून जे कापड वाकळीला उत्तम, ते कपड्याला चालेलच असे नाही.

पानिपतला जुने कपडे यंत्रावर पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटे विणतात, त्याच्याशीही काही जण या कामाची गल्लत करतात. तेथे मूळ विणकाम मोडले जाते. आपल्याला ते विणकाम, त्याचा काठ, त्याचा पोत आणि शक्य असेल तर त्याची आधीची एखादी शिवणसुद्धा राखायची असते.

तयार कुर्ता स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी करावा?

पैशांची बचत हे कारण मी कोणालाही सांगत नाही. उसवणे, धुणे, इस्त्री करणे, कापडाची तपासणी, कागदावर नमुना काढणे आणि मग शिवणे, या सगळ्या वेळाचा मोबदला धरला तर असा कुर्ता महाद्वार रोडवरच्या कुर्त्यापेक्षा महागच पडतो.

आनंद दुसरीकडे आहे. पहिली गोष्ट म्हणजे खुद्द कापड. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्याला जो मऊपणा येतो तो नव्या कापडाला कोणत्याही प्रक्रियेने तसाच आणता येत नाही. बाळाला नव्या दुपट्यात न गुंडाळता आजीच्या जुन्या लुगड्याच्या पटकुरात गुंडाळण्याची आपल्याकडची रीत याच अनुभवातून आलेली आहे. असे कापड आटायचे तेवढे आटलेले असते आणि त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो, त्यामुळे शिवल्यानंतर ते सहसा दगा देत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नवे कापड घेताना आपण आधी कपडा ठरवतो आणि मग त्याच्या मापाचे कापड फाडून आणतो. जुन्या कापडाच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. समोर जेवढे धड कापड उरले आहे तेवढ्यातूनच काय होईल ते पाहावे लागते. कधी लांब कुर्त्याचा बेत आखडता कुर्ता होऊन संपतो, तर कधी कोपराशी कापड अपुरे पडले म्हणून घातलेला जोड हाच त्या कपड्याचा सर्वांत देखणा भाग ठरतो. असे निर्णय घेताना डोके ज्या तऱ्हेने चालते त्याची एकदा चटक लागली की बाजारातला आयता नमुना पाहून तसाच कपडा शिवण्यात मन रमत नाही.

आणखी एक कारण या जिल्ह्यात राहणाऱ्याला सहज समजावे. येथून तीसेक किलोमीटरवरच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला, १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरातच कापडाची गिरणी उभारली, आणि येथील अनेक कुटुंबांचा संसार त्यानंतर ताण्याबाण्यावरच चालला. एक वार कापडामागे किती जणांचे हात राबतात हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना केवळ कॉलर झिजली म्हणून सबंध शर्ट टाकून देणे मुळातच जड जाते.

जुने कापड मिळवावे कोठून?

सर्वप्रथम आपल्या कपाटातून. बोहारणीला देण्यासाठी बांधून ठेवलेले गाठोडे एकदा पुन्हा सोडून पाहावे, कारण स्टीलच्या डब्याच्या मोहात त्यात एखादे अस्सल सुती इरकल गेलेले असते. नातेवाइकांकडे विचारताना संकोच करू नये. “कापडासाठी हवे आहे” असे स्पष्ट सांगितले की लोक आनंदाने देतात.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात आणि इचलकरंजीत मिळणारे कटपीस हे वापरलेले कापड नव्हे, पण ठाणाच्या शेवटी उरलेले तुकडे कोणाच्या तरी उपयोगी पडणे हेही याच कामात मोडते, असे मी मानते. मात्र असे तुकडे न धुतलेले असतात, त्यामुळे जुन्या कापडाशी जोडण्यापूर्वी ते दोनदा धुऊन आटवून घ्यावेत.

कापड अजून टिकाऊ आहे की नाही हे कसे ओळखावे?

प्रथम ते खिडकीच्या उजेडात आडवे धरावे. ज्या ठिकाणी उजेड अधिक आरपार येतो तेथे धागे झिजलेले असतात. मग दोन्ही अंगठे एकमेकांना लावून कापड चिमटीत धरावे आणि आधी उभ्या, नंतर आडव्या धाग्याच्या दिशेने बेताने ताणावे. धागे सरकून फट पडली किंवा बारीक “टर्र” असा आवाज आला, तर तो भाग वाकळीकडे जाऊ द्यावा. जेथे जेथे शंका येईल तेथे रंगीत दोऱ्याचा एक मोठा टाका घालून खूण करावी. खडूची खूण इस्त्री करताना पुसली जाते.

कोणते वस्त्र कोठे झिजते याचा अंदाज असला की तपासणी लवकर होते. पुरुषांच्या शर्टाची कॉलर आणि कफ आधी जातात, पाठ बहुधा शाबूत असते. जीन्सचे गुडघे आणि मांड्यांचा आतला भाग जातो, पोटऱ्यांवरचे कापड मात्र जवळजवळ नवे असते. चादर मधोमध विरते आणि कडांना टिकते. पडद्याचे उलटे आहे. तो दिसायला धड असतो, पण उन्हाकडच्या बाजूने आतून कुजलेला असतो, म्हणून पडद्याच्या कापडावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

कापड सुती आहे की मिश्र, हे कसे समजते?

कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरावेत आणि पेटवून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची हलकी, करडी राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर टोकाला कडक गोळी राहते. टेरिकॉटमध्ये, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्र कापडात, राख आणि गोळी अशी दोन्ही लक्षणे दिसतात. हा प्रयोग मोरीत, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवूनच करावा.

नऊवारी लुगड्यातून काय काय निघते आणि ते कोठे कापावे?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. एवढे कापड खोलीत नीट पसरता येत नाही, म्हणून ते गच्चीवर पसरावे आणि लुगडे नेसलेल्या बाईची आकृती मनात आणून पाहावे. कासोटा दोन पायांमधून मागे खोचला जातो आणि त्याच भागावर बसणे-उठणे होते, त्यामुळे तेथील कापड सर्वांत आधी विरते. कमरेशी खोचलेला भाग चुरगळलेला असतो, पण मजबूत असतो. पदराकडचा भाग सहसा धड मिळतो. खांद्यावर पिन लावण्याची सवय असेल तर मात्र तेथे बारीक भोकांची रांग दिसते. विरलेला पट्टा वगळल्यावर बऱ्याच लुगड्यांतून एक कुर्ता आणि एक लहान मुलीचा परकर निघतो. काहींमधून फक्त काठ निघतात, आणि तेही कमी नाही, कारण अंग जीर्ण झाले तरी घट्ट विणीचा काठ पुढची अनेक वर्षे टिकतो.

कापण्यापूर्वी धाग्याची दिशा लक्षात घ्यावी. लुगड्याच्या लांबीने जाणारा धागा हा ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, असतो आणि काठ ताण्याच्या दिशेने धावतो. परकराच्या घेराला काठ यावा अशी इच्छा असेल तर कापड आडवे वापरावे लागते, म्हणजेच अंगावर ताणा आडवा येतो. चुण्यांच्या परकराला ते चालते. अंगाबरोबर बसणाऱ्या कुर्त्याला मात्र ताणा उभाच ठेवलेला बरा, कारण उभ्या ताण्याचा कपडा सरळ लोंबतो. अशा वेळी काठ खाली घेण्याचा हट्ट सोडून तो बटणपट्टीला किंवा बाजूच्या कळीला उभा लावावा.

इरकलीच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी लागते. तिच्या अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा वेगवेगळे असतात, आणि विणकर ते एकमेकांत फासे अडकवून जोडतो. त्या सांध्याला लागूनच कात्री चालवली तर फासे सुटतात. सांध्यापासून किमान चार बोटे दूर कापावे, आणि सांधा कपड्यात घ्यायचाच असेल तर त्याच्या मागे मऊ सुती अस्तर द्यावे.

आजीचे लुगडे कापायला मन धजत नाही. काय करावे?

मग कापू नये. कात्री हातात धरून मन कचरत असेल तर ते लुगडे अजून लुगडेच आहे, असे समजून घडी बदलून परत ठेवावे. घडी बदलणे मात्र विसरू नये, कारण रेशमी वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले की त्या रेषेवरच तडकते. देवीचा प्रसाद म्हणून मिळालेली साडी आणि घरातील वारलेल्या माणसाचे कपडे यांच्याबद्दलही हेच म्हणेन. प्रत्येक घराची रीत वेगळी असते आणि घरातील मोठ्यांना विचारून ठरवावे.

परंतु कपाटात ठेवलेले वस्त्रही जीर्ण होतच असते, ही दुसरी बाजू आहे. माझ्या वडिलांचा निळ्या बारीक रेघांचा एक शर्ट मी सहा वर्षे तसाच ठेवला आणि सातव्या वर्षी त्याचा बिनबाह्यांचा कुर्ता केला. बटणपट्टी आणि खिसा होते तेथेच ठेवले. खिशाच्या तळाशी पेनाच्या शाईचा ठिपका आहे, तो काढण्याचा प्रयत्न केला नाही. ठेवलेल्या सहा वर्षांत जेवढ्या वेळा तो शर्ट पाहिला नसेन, तेवढ्या वेळा तो कुर्ता दर महिन्याला अंगावर येतो.

जुनी भरजरी पैठणी किंवा शालू असेल तर?

आधी जाणकाराला दाखवावा. जुन्या वस्त्रांतील अस्सल जर ही चांदीच्या तारेची असते आणि तिला धातू म्हणून किंमत येते. शिवाय संपूर्ण वस्त्राचे मोल त्याच्या तुकड्यांच्या मोलापेक्षा पुष्कळ जास्त असते. अशा वस्त्रावर हात बसवण्याचा सराव करणे मला मान्य नाही.

रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवावे का?

भिजवल्याने नुकसान काही नाही, पण मिठाने किंवा व्हिनेगरने सुटता रंग पक्का होतो हा समज खरा नाही. रंग जातो की नाही हे पाहण्यासाठी पांढरे ओले फडके कापडावर दाबून घासावे. फडक्याला रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाशी जोडू नये, एवढाच खात्रीचा उपाय आहे.

कोणती मशीन, कोणती सुई आणि कोणता दोरा वापरावा?

घरात असलेली कोणतीही मशीन चालते. पायमशीन या कामाला विशेष चांगली, कारण तिचा वेग पायाच्या ताब्यात राहतो आणि विरत आलेल्या कापडावरून हळू जाता येते. सुई मात्र नवी हवी. पातळ मलमलीला ११ नंबर, लुगड्याच्या किंवा शर्टाच्या कापडाला १४ आणि जीन्सला १६ किंवा १८ नंबर, असा साधारण हिशेब आहे.

टीप जितकी बारीक तितकी शिवण पक्की, हा नियम येथे घात करतो. जुन्या कापडावर फार बारीक टीप मारली तर भोके इतकी जवळ येतात की टपाल तिकिटाप्रमाणे कापड त्याच रेषेवर फाटते. इंचाला दहा टाके पुरेत. दोराही सुतीच घ्यावा, कारण ताण आला तर दोरा तुटावा, कापड नव्हे. उसवलेली शिवण पाच मिनिटांत पुन्हा घालता येते.

पहिल्यांदा काय शिवावे?

ब्लाऊज शिवू नये, हे ठामपणे सांगते. त्यात चूक झाकायला जागा नसते. उशीच्या दोन जुन्या अभ्र्यांतून नेफा घालून शिवलेली लहान मुलाची चड्डी, किंवा शर्टाच्या पाठीच्या कापडातून लहान मुलीचे झबले, यांपासून सुरुवात करावी. झबल्यासाठी शर्टाची बटणपट्टी मागच्या बाजूला आयती वापरता येते आणि काजे करण्याचे किचकट काम वाचते.

नमुना आधी वर्तमानपत्रावर कापावा आणि त्यावर डावे-उजवे लिहावे. हा सल्ला अनुभवातून आलेला आहे. एका इरकलीच्या पदरातून बाह्या काढताना मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. नव्या कापडात अशी चूक झाली तर अर्धा मीटर आणखी आणता येते. तो पदर मात्र तेवढाच होता, आणि त्या बाह्यांच्या शेवटी दोन उशांच्या खोळी झाल्या.

कापड अपुरे पडले तर जोड द्यावा का? तो वाईट दिसत नाही का?

जोड वाईट दिसतो तो चोरून दिल्यामुळे. काखेत किंवा पाठीला कोणाला दिसणार नाही अशा समजुतीने दिलेला जोड नेमका नजरेत भरतो. उघडपणे, रेषा ठरवून आणि दोन्ही बाजूंना सारखा दिलेला जोड हा नमुन्याचा भाग वाटतो.

शिवाय जोड ही उणीव आहे, ही समजूतच रुंद पन्ह्याचे गिरणीचे कापड मुबलक झाल्यावरची असावी. गुळेदगुडचा खण पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतो, आणि त्याच्या मापातूनच आपल्याकडची चोळी आणि परकर घडले. सरळ पट्टे, बाजूला तिरक्या कळ्या आणि काखेत चौकोनी तुकडा अशी जुन्या कळीदार कुर्त्याची रचना असते, आणि अरुंद कापड वाया न घालवता अंगाला घेर देण्याची हिकमत तीत स्पष्ट दिसते. जुने कापड शिवणाऱ्याने हा कुर्ता एकदा तरी उसवून पाहावा. कोणत्याही पुस्तकापेक्षा तो अधिक शिकवतो.

जोडताना तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही कापडे सारख्या वजनाची असावीत, दोन्ही आधी आटवलेली असावीत, आणि दोन्हींचा उभा धागा एकाच दिशेला असावा. जड जीन्सला पातळ लुगडे जोडले तर पहिल्याच धुण्यात लुगडे शिवणीशी फाटते. गळ्याला आणि मुंढ्याला पट्टी लावताना जुन्या मऊ शर्टाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी काढावी. तिला ताण असतो, ती गोलाईवर चपखल बसते आणि मानेला टोचत नाही.

डाग आणि भोके यांचे काय?

नमुना फिरवून ती टाळता आली तर उत्तम. नाहीतर डागावर खिसा बसवावा. बारीक भोकाला रफू आणि मोठ्याला ठिगळ, ही जुनी विभागणी अजून योग्य आहे. ठिगळाचा धागा मूळ कापडाच्या धाग्याच्या रेषेत ठेवला की धुतल्यावर चुण्या पडत नाहीत.

जुन्या टी-शर्टांतून काही करता येते का?

येते, पण त्याला ताणाच्या कापडाची वेगळी सुई आणि नागमोडी टीप लागते. नवशिक्यांनी वर्षभर थांबावे.

हे काम शिंप्याकडून करून घेता येईल का?

अनेक शिंपी नकार देतात आणि त्यांचे चुकत नाही. उसवण्यात वेळ जातो, त्याची मजुरी गिऱ्हाईक देत नाही, आणि कापड हातात फाटले तर दोष शिंप्यावर येतो. आपण स्वतः उसवून, धुऊन, इस्त्री करून, विरलेल्या जागांवर खुणा घालून सपाट कापड नेऊन दिले आणि फाटले तर तक्रार नाही असे आधीच सांगितले, तर नकार सहसा येत नाही.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी घ्यावी का?

कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर अर्धवट वाळलेले कापड गाठोड्यात बांधून ठेवू नये. त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुढे निघत नाहीत. या महिन्यांत मी धुण्याची कामे थांबवते आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले कापड शिवते. मशीनला तेल मात्र नेहमीपेक्षा अधिक वेळा द्यावे लागते.

लोक “जुन्यातून शिवले आहे का?” असे विचारतात, तेव्हा काय सांगावे?

हो म्हणावे. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न “माझ्याकडेही एक साडी आहे, शिवून देशील का?” असा असतो. त्याचे उत्तर विचार करून द्यावे, कारण एकदा होकार दिला की सगळ्या गल्लीतल्या साड्या दाराशी येतात.

वर्गाला पहिल्या दिवशी येताना काय आणावे?

धुतलेले, इस्त्री केलेले एक जुने सुती वस्त्र, टाचण्या, टेप, शिवण उसवण्यासाठी ब्लेडऐवजी उसवणी, दोन जुनी वर्तमानपत्रे आणि कापडाची कात्री. त्या कात्रीने घरात कोणी दुधाच्या पिशव्या कापत असेल, तर आधी तिला धार लावून आणावी.